पळसाच्या बिया आणि लेंडीची तपासणी

पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात जंत फोफावतात. त्यातला सर्वात घातक हिमाँकस. चौथ्या पोटाला चिकटलेला एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत म्हणजे ५० मिलिलिटर. पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते, करडू दगावते. अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन यांना दाद न देणारे जंत जगभर आढळू लागल्याने पळसाच्या बिया, वावडिंग, शेंदरी यांची पुन्हा आठवण निघाली आहे.

ती रास्तच आहे. पळसबियांतले पॅलासोनिन आणि वावडिंगातले एम्बेलिन जंतांवर काम करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेच्या बशीतला जंत मारणे निराळे आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला निराळे. तिथे अर्क चाऱ्यापाण्यात पातळ होतो. शिवाय बियांचा कस झाडागणिक आणि हंगामागणिक बदलतो. ‘मूठभर द्या’ हे माप नव्हे. एम्बेलिनचा प्रजननावर परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत आढळला आहे, तेव्हा गाभण शेळीला वावडिंग नकोच. (गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोलही नको, हे किती पशुपालकांना सांगितले जाते?)

औषध झाडाचे असो वा कारखान्यातले, परीक्षा एकच हवी: देण्याआधी आणि दिल्यावर दोनेक आठवड्यांनी लेंडीतली अंडी मोजायची. त्यासाठी लागतो सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस. पशुवैद्यकीय दवाखान्यांत आधी एवढी सोय नियमित करावी. ‘नैसर्गिक’ छापलेल्या पाकिटांना अनुदान देण्याचा विचार त्यानंतर.