आधी वाट, मग सोफा

माणमधल्या नव्या गृहसंकुलांत लिफ्टशेजारच्या फलकावर एक सूचना हमखास असते. पॅसेजमध्ये शू-रॅक, कुंड्या, सायकली ठेवू नयेत. कागद पिवळा पडतो, टेप सुटते, आणि त्या सूचनेपासून चार पावलांवर प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग जसाच्या तसा असतो. सोसायटीच्या सभेत याला बेशिस्त म्हणतात. पण एकच बेशिस्त प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक दाराशी दिसू लागली, की तिचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी घराच्या नकाशात शोधावे.

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा या गावच्या शिवारापर्यंत पोहोचला आणि शेताच्या बांधांशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. शिवाजीनगरला जाणाऱ्या 23 किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे एक टोकही इथेच आहे. या इमारतींत राहणाऱ्यांपैकी अनेक जण पहिल्यांदाच घर घेतलेले किंवा भाड्याने राहणारे असतात, आणि घरे प्रामुख्याने एक किंवा दोन बेडरूमची.

अशा घराचे दार उघडले की आपण थेट हॉलमध्ये असतो. उंबरठा म्हणून अर्ध्या इंचाची ग्रॅनाइटची पट्टी, दारामागच्या भिंतीवर एमसीबीचा डबा, त्याखाली पाच-सहा बटणांचा स्विचबोर्ड, आणि समोर सोफ्यावर बसलेली माणसे. पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता इथे काय काय येते ते पाहावे. ठिबकणारा रेनकोट, हेल्मेट, लॅपटॉपची बॅग, चिखलाने भरलेले बूट, भाजीची पिशवी आणि कुरिअरचा खोका. यांपैकी एकाही वस्तूसाठी नकाशात जागा नसते. त्यामुळे हेल्मेट टीव्ही युनिटवर जाते, रेनकोट सेफ्टी डोअरच्या जाळीवर लटकतो आणि बूट पॅसेजमध्ये जातात.

जुन्या घरांत ही अडचण नव्हती, कारण तिथे बाहेरचा माणूस एकदम आत येतच नसे. पुण्याच्या वाड्यात दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग ओसरी, आणि त्यानंतर माजघर. कोकणात खळे, पडवी, ओटी. मुळशी-मावळातल्या साध्या घरालाही पडवी असे. पायरीशी पाण्याचा हंडा, बाजूला वहाणा, खुंटीवर घोंगडी. हिशेबाला आलेला माणूस ओसरीवरून परत जाई, सोयरा आत येई. कोणाला कुठवर येऊ द्यायचे, हे घराची रचनाच ठरवत होती, तोंडाने सांगावे लागत नव्हते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वाडे मोठे होते, आणि तसे वाडे किती जणांचे होते? म्हणून वाड्यापेक्षा चाळीचे उदाहरण अधिक उपयोगी. मुंबईत 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात प्रवेशाची वेगळी जागा नव्हती, पण दारासमोर सामाईक व्हरांडा होता. चपला तिथे, छत्री तिथे, शेजाऱ्याशी बोलणे तिथे. खोलीतही पक्के मांडलेले सामान थोडे असे. वळकटी सकाळी गुंडाळली जाई, रात्री पसरली जाई, आणि त्याच जमिनीवर दिवसभरात जेवण, अभ्यास, पाहुणे आणि झोप असे चार प्रकार होत. चाळीचे दिवस गोड होते असा याचा अर्थ नाही. त्याच चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे वाट पाहिली. मुद्दा एवढाच की, 160 चौरस फुटांची खोली चालत होती ती बाहेरच्या व्हरांड्याच्या जोरावर.

आता क्रम लक्षात येईल. प्रवेशाची जागा आधी ओसरीत होती, मग चाळीच्या व्हरांड्यात गेली, मग इमारतीच्या पॅसेजमध्ये. परंतु उंच इमारतीचा पॅसेज म्हणजे आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग. तो मोकळा असलाच पाहिजे, आणि महाराष्ट्रात आग प्रतिबंध व जीवसंरक्षणासाठी 2006चा स्वतंत्र अधिनियमच आहे. धुराने भरलेल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये शू-रॅक पायात आला तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. तेव्हा सोसायटीची सूचना बरोबरच आहे. तिची अडचण अशी की चपला बाहेर नकोत एवढे ती सांगते, आणि आत त्या कुठे ठेवायच्या ते नकाशा सांगत नाही.

नकाशा का सांगत नाही, याचे एक कारण हिशेबात आहे. रेरा म्हणून ओळखला जाणारा स्थावर संपदा कायदा 2016चा, आणि त्याखालच्या राज्य प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे, काम सुरू झाले मे 2017 मध्ये. त्यानुसार घर कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रावर विकायचे असते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. ग्राहकासाठी ही मोठी सुधारणा ठरली. मात्र याच हिशेबात दारामागची चार बाय पाच फुटांची मोकळी जागा 20 चौरस फूट म्हणून मोजली जाते. चौरस फुटाला समजा 7000 रुपये धरले, तर तिची किंमत 1,40,000 रुपये. एवढे पैसे ‘नुसत्या रिकाम्या’ जागेसाठी द्यायला घेणारा राजी नसतो, आणि ती न देता हॉल मोठा दाखवणे विकणाऱ्याच्या सोयीचे असते. दोघांच्या संमतीने देवडी नाहीशी झाली, असे आमचे मत आहे.

दुसरे कारण विजेच्या तारांत आहे. टीव्हीचा पॉइंट, एसीचा पॉइंट आणि इंटरनेटची जागा बांधकाम चालू असतानाच ठरते. ज्या भिंतीवर टीव्हीचा पॉइंट, त्याच्या समोरच्या भिंतीला सोफा. आणि उरलेली जागा मग वाट. हॉलची मांडणी घरमालकाने केली असे वाटते, पण तिचा निम्मा निर्णय कुठल्यातरी कार्यालयात, त्याचे नावही माहीत नसताना झालेला असतो.

ही मांडणी प्रत्यक्षात काय करते, ते आकड्यांत पाहू. समजा हॉल 10 बाय 15 फुटांचा, म्हणजे 150 चौरस फूट आहे. मुख्य दार आखूड भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, समोरच्या आखूड भिंतीला बाल्कनी, आणि स्वयंपाकघर व बेडरूमकडे जायचा रस्ता डाव्या लांब भिंतीच्या पलीकडच्या टोकाला. सोफा आणि खुर्च्या जिथे मावतील तिथे ठेवल्या, तर माणसे दारापासून स्वयंपाकघराकडे तिरपी चालू लागतात. ही तिरपी वाट सुमारे 18 फूट लांब. सामान हातात घेऊन सहज जायला तीन फूट रुंदी लागते, म्हणजे 54 चौरस फूट वाटेत गेले.

आता तीच वाट सरळ काढून पाहू. दारातून उजव्या भिंतीच्या कडेने थेट बाल्कनीपर्यंत, आणि तिथून बाल्कनीच्या समोरून डावीकडे वळून स्वयंपाकघरापर्यंत. पहिला तुकडा 15 बाय 3, दुसरा 7 बाय 3, मिळून 66 चौरस फूट. सरळ वाट तिरप्या वाटेपेक्षा 12 चौरस फुटांनी जास्त जागा खाते, हे खरे आहे. पण तिरपी वाट मागे दोन त्रिकोण ठेवते, आणि त्रिकोणात ना सोफा बसतो, ना दिवाण, ना कपाट. सरळ वाट मात्र 7 बाय 12 फुटांचा एक अखंड चौकोन मोकळा ठेवते. लहान हॉलच्या मांडणीचे बहुतेक रहस्य या एका फरकात आहे. शिवाय बाल्कनीच्या दारासमोरची जागा उजेड-वाऱ्यासाठी तशीही मोकळी सोडावी लागते.

या चौकोनात सोफा डाव्या भिंतीला लावावा. सोफ्याची खोली तीन फूट, वाट तीन फूट, आणि उजव्या भिंतीवर टांगलेल्या टीव्हीखाली नऊ इंचांची फळी. 10 फुटांतून हे वजा जाता पाय लांबवायला आणि छोट्या टीपॉयला सव्वातीन फूट उरतात. फळीऐवजी दीड फूट खोल टीव्ही युनिट आले की वाटेलाच खेटायला होते. आणि एल आकाराचा सोफा आला, तर त्याचा बाहेर आलेला पाय साडेपाच फुटांपर्यंत पोहोचतो आणि उरलेली जागा तोच घेतो. दुकानातल्या मोठ्या दालनात तो सोफा चांगला दिसतो, यात शंका नाही.

वाट टीव्हीसमोरून जाते, ही तक्रार इथे येणार. ती चालवून घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण त्याहून वाईट म्हणजे बोलत बसलेल्या दोन माणसांच्या मधून जाणारी वाट. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966च्या आपल्या पुस्तकात माणसांमधल्या अंतरांची मोजमापे मांडली, त्यात ओळखीच्या माणसांच्या साध्या बोलण्यासाठीचे अंतर चार ते सात फूट आहे. आपल्याकडे ते थोडे कमीच भरेल. सोफा आणि त्याला काटकोनात ठेवलेली एक खुर्ची, दोन्ही वाटेच्या एकाच बाजूला असली, की हे अंतर आपोआप जमते आणि कुणी ‘जरा पाय घ्या’ म्हणत मधून जात नाही.

प्रवेशाच्या जागेचा प्रश्नही याच वाटेत सुटतो. वाटेचे पहिले चार फूट हीच देवडी. दार आत उघडते तेवढी जागा तशीही रिकामी ठेवावी लागते. तिला फक्त वेगळी ओळख द्यायची आहे. जपानमधल्या शहरांतली अनेक घरेही लहान असतात, पण तिथे दाराशी गेन्कान नावाची खोलगट जागा असते. जमीन एका पायरीने खाली असते आणि बूट तिथेच थांबतात. पातळीतला फरकच पायाला सूचना देतो. फ्लॅटमध्ये जमीन खाली नेता येत नाही, पण खडबडीत टाइलचा किंवा कोट्याचा तीन बाय चार फुटांचा तुकडा बसवता येतो, किंवा तेवढ्या मापाची काथ्याची चटई टाकता येते. दाराशी ठेवलेल्या दीड फुटी पायपुसण्यावर दोन पाय एकदम मावत नाहीत, म्हणून दुसरा पाय नेहमी फरशीवर पडतो.

चपलांसाठी साधा रॅक एक फुटापेक्षा जास्त खोली घेतो. झडप पुढे कलणारे, चपला उभ्या ठेवणारे कपाट आठ-नऊ इंचांत बसते. ते चौकोनाच्या दाराकडच्या कडेला, सोफ्याच्या हातापाशी ठेवले की दोन कामे होतात. चपला दृष्टीआड जातात, आणि सोफा व दार यांच्यात एक आड तयार होतो. कपाटाच्या वर किल्ल्या आणि हेल्मेट, भिंतीवर रेनकोटसाठी खुंट्या, खाली पाणी गळायला एक ट्रे. बूट घालायला बसण्यापुरते एक स्टूल जमले तर घरातल्या आजी-आजोबांचे भिंत धरून एका पायावर उभे राहणे थांबते. चपलांची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे कोणती, यावर सोसायटीच्या ग्रुपवर भरपूर साहित्य उपलब्ध आहे. आम्ही त्यात भर घालत नाही.

आडोशाची उंची मात्र नीट ठरवावी. सुताराला सांगितले की तो बहुधा चार फुटी जाळी सुचवतो. दारात उभ्या माणसाची नजर पाच फुटांच्या आसपास असते, त्यामुळे चार फुटी जाळीवरून सोफ्यावर बसलेल्यांची डोकी दिसतातच. म्हणजे पैसे गेले आणि आडही झाला नाही. पाच-साडेपाच फुटांची, उभ्या पट्ट्यांची आणि मधे फटी असलेली जाळी बरी. नजर अडते आणि उजेड येतो. हॉलला बहुतेक वेळा बाल्कनीचाच एकमेव उजेड असतो. छतापर्यंत प्लाय आणि सनमायका चढवला, तर दाराशी दिवसाही दिवा लावावा लागेल. एमसीबीचा डबा कोणत्याही कारणाने फर्निचरमागे झाकू नये. ठिणगी उडाल्यावर तो उघडायला हात पोहोचला पाहिजे.

भाडेकरूंना यातले बरेच करता येत नाही, कारण घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. त्यांच्यासाठी उघड्या फळ्यांचे पुस्तकांचे कपाट आडवे लावणे, ही पुरेशी देवडी आहे, आणि घर सोडताना ती सोबत नेता येते. सामान हलवण्याआधी फरशीवर खडूने किंवा चिकटपट्टीने वाट आखावी, आणि दोन दिवस त्याच रेषेवरून चालून पाहावे. खर्च काही नाही.

एवढे सगळे राहणाऱ्याने करायचे आणि नकाशा काढणाऱ्याने काहीच नाही, हे योग्य नव्हे. मुख्य दार कोपऱ्यापासून एक फूट सरकवले तर दारामागे चपलांचे कपाट बसते. टीव्हीचा पॉइंट दोन भिंतींवर दिला तर मांडणीला पर्याय मिळतो. बांधकाम चालू असताना या दोन्ही गोष्टींचा खर्च किरकोळ असतो. ताबा मिळाल्यावर भिंत फोडून करायच्या तर महिन्याचा पगार जातो. पॅसेज मोकळा हवा असा नियम करणाऱ्यांनी, दाराच्या आत चपलांपुरती जागा हवी, हेही नियमावलीत लिहायला हवे.

तोवर घर पाहायला जाणाऱ्यांनी सॅम्पल फ्लॅटमध्ये एक करावे. तिथे शिरताना चपला बाहेर काढायला सांगतात, म्हणून आतला हॉल इतका नीटनेटका दिसतो. आत गेल्यावर विक्री प्रतिनिधीला विचारावे, की या घरात राहायला आल्यावर चार माणसांचे आठ जोड कुठे ठेवायचे, आणि उत्तर नकाशावर बोट ठेवून मागावे.