सहाव्या महिन्यानंतर

बँकेत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. दिवाळीच्या सुमारास कोणी ना कोणी भला गृहस्थ येई आणि एखाद्या अनाथाश्रमाला दरमहा पन्नास रुपये पाठवण्याची सूचना देऊन जाई. चेहरा उजळलेला असे. साधारण सहाव्या महिन्यात तोच गृहस्थ काउंटरवर वाकून हळूच म्हणे, ‘‘साहेब, तेवढं ते बंद करा.’’ ही माणसे वाईट नव्हती. कंटाळली होती, इतकेच.

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला हे गृहस्थ आठवतात. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्यांच्या चिकाटीचे नवल वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ निघाले, त्याने दहा वर्षे मदतीची हमी दिली. (दहा वर्षांची! आमच्या कर्ज विभागाने उठून सलाम केला असता.) त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई या बालविधवेचा विवाह पुढे धोंडो केशव कर्व्यांशी झाला.

मग सदन पुण्याला आले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, ही तक्रार. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मी ख्रिस्ती नाही, आणि पुण्याने तेव्हा विचारलेले प्रश्न मला सर्वस्वी खोटे वाटत नाहीत. ज्याने विश्वासाने मुलगी सोपवली, त्याला विचारण्याचा हक्क आहेच. पण विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी आपल्या घराचे दार उघडले असते?

बाईंनी सदन बंद केले नाही. हमीची दहा वर्षे संपल्यावर काय, हा हिशेब त्यांनी आधीच मांडला होता. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. १८९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बाया शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील अशाच एका दुष्काळात अन्नावाचून गेले होते. आणलेल्यांतल्या किती आजारी, किती बिथरलेल्या! आभार मानण्याचे त्राण कोणात होते? १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. त्या सगळ्यांना रोज जेवू घालायचे, न्हाऊ घालायचे, लिहायला शिकवायचे. या कामाला टाळ्या पडत नाहीत.

सत्कर्माचा कंटाळा करू नका, असे पौलाने गलतीकरांना बजावले आहे. त्यालाही हा रोग ठाऊक असणार. माझा समज असा, की रमाबाईंनी आपला हिशेब त्या मुलींशी ठेवलाच नव्हता; तो देवाशी होता, म्हणून मुलींकडून येणे बाकी कधी राहिलेच नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. काम थांबले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

मी मात्र त्या दिवाळीच्या गृहस्थांपैकीच. एका शाखेत असताना आमच्या शिपायाच्या मुलाची फी मी तीन वर्षे भरली. चौथ्या वर्षी तो नापास झाला, तोंड चुकवू लागला. निकालही मला दुसऱ्याकडून कळला. मला राग आला. फी बंद केली आणि बरोबर केले, असे घरी सांगितले. परवा कपाट आवरताना त्या जुन्या पावत्या निघाल्या. तेव्हा आठवले, त्याच्या पाठची बहीण त्या वर्षी सातवीत होती. तिच्या फीचे मी कधी विचारलेच नव्हते.