सामाईक वही आणि तिची शिस्त

'गाव करी ते राव न करी' या म्हणीचा प्रत्यय संगणकाच्या क्षेत्रातही येतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान घटक एकत्र जोडूनच. पुढे त्याच संस्थेच्या 'गरुड' योजनेने आपल्या हैदराबादेसह १७ शहरांतील संगणक एका जाळ्यात गुंफले. परंतु अनेक हात लागले म्हणजे काम आपोआप नीट होते, असे मात्र नव्हे.

अशा संगणकांकडून काम करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक जण आपली वही आपल्यापाशी ठेवतो व दुसऱ्यास निरोप धाडतो. 'परम ८०००' याच मार्गाने चाले. दुसऱ्यात सर्वांपुढे जणू एकच सामाईक वही उघडी असते. आज्ञावली लिहिणाऱ्यास हा दुसरा मार्ग सुलभ वाटतो, आणि तो शिकण्याजोगा आहे, असे आमचेही मत आहे. मात्र त्यातील धोका आधी ओळखला पाहिजे.

समजा, ग्रंथालयात एका पुस्तकाच्या ४० प्रती आहेत. दोन खिडक्यांवरील दोन संगणकांनी एकाच क्षणी ४० हा आकडा वाचला, एकेक प्रत दिली आणि दोघांनीही ३९ लिहिले. प्रती उरल्या ३८, वही सांगते ३९! दोघांचाही हिशेब बरोबर, तरी एकाचे काम पुसले गेले.

म्हणून या मार्गास शिस्त लागते. १९८६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात काई ली यांनी आपल्या प्रबंधात अशी सामाईक स्मृती मांडली. तिचा नियम असा, की वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळी एकच. आणि त्याने लिहिण्यापूर्वी इतरांजवळच्या जुन्या प्रती रद्द झाल्या पाहिजेत.

या शिस्तीस मोल पडते. हैदराबाद ते पुणे हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसत्या एका विचारणेच्या जाण्यायेण्यात सेकंदाचा दोनशेवा भाग खर्ची पडतो. तेवढ्यात आजच्या संगणकाच्या घड्याळाचे एक कोटीहून अधिक ठोके पडून जातात! म्हणून दूरदूरच्या संगणकांत सारेच सामाईक करण्याचा हव्यास धरणे हे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. जे खरोखर सर्वांचे, तेवढेच सामाईक असावे. बाकीचे ज्याचे त्याने सांभाळावे.

विद्यार्थिमित्रहो, आज शाळेत संगणक चालविणे तुम्हांस शिकविले जाते, हे योग्यच आहे. पण उद्या रुग्णालयाची नोंद किंवा रेल्वेचे आरक्षण तुमच्या आज्ञावलीवर चालेल. तेथे एक ओळ पुसली गेली, तर एखाद्या रुग्णास औषध दोनदा मिळेल, किंवा एकच आसन दोघांस दिले जाईल. तेव्हा सामाईक वहीत लेखणी टेकवण्यापूर्वी, 'या क्षणी आणखी कोण लिहीत आहे?' हा प्रश्न विचारण्याची सवय आजच लावून घ्या.