न उघडणारी फाइल खराब असतेच असे नाही

लग्नाचा मोसम ओसरला की फोटोग्राफरकडून पेनड्राइव्ह घरोघरी पोहोचतात आणि पाठोपाठ आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात. या खेपेला दोन घरांतून जवळजवळ एकच विचारणा झाली. ‘‘सर, निकाहचे फोटो मिळाले, पण एका फोल्डरमधले उघडतच नाहीत. फोटोच्या जागी नुसता कोरा कागद दिसतो. खराब झालेत का? काढून टाकू का?’’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. काढून टाकू नका. बहुतेक वेळा त्या फायली धडधाकट असतात. आपल्या संगणकाला त्या वाचता येत नाहीत, एवढेच.

फाइलच्या नावात टिंबानंतर कोणती इंग्रजी अक्षरे आहेत ती पाहा. जे-पी-जी असेल तर तो नेहमीचा फोटो. सी-आर-२ किंवा सी-आर-३ असेल तर ती कॅनन कॅमेऱ्याची रॉ फाइल, एन-ई-एफ असेल तर निकॉनची, ए-आर-डब्ल्यू असेल तर सोनीची. प्रत्येक कंपनीने आपली वेगळी चूल मांडली आहे आणि आपला निम्मा त्रास त्यातून आला आहे. अडोबी कंपनीने २००४ मध्ये सर्वांसाठी डीएनजी नावाची एकच पद्धत पुढे केली होती. काहींनी ती घेतली, पण या तीन मोठ्या कंपन्यांनी आपापलीच चालू ठेवली.

रॉ म्हणजे कच्चे. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो आणि त्यावर लाखो सूक्ष्म ठिपके असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरायचे असतात. कॅमेऱ्याने हा हिशेब स्वतः उरकला, रंग आणि उजेड ठरवून टाकला, जागा वाचवण्यासाठी बाकीची माहिती फेकून दिली, की जेपीजी तयार होते. मोजमाप आहे तसे ठेवले तर ती रॉ.

जेपीजी म्हणजे शिजून तयार झालेला सालन. मीठ जास्त पडले तर थोडीफार सारवासारव होते, पण मीठ परत काढता येत नाही. रॉमध्ये सामान अजून चुलीवर चढलेलेच नाही. आकड्यांत सांगायचे तर जेपीजी एका रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या ठेवते. १४ बिटची रॉ फाइल १६,३८४ पायऱ्या ठेवू शकते. म्हणून २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एकेक रॉ फाइल २०-३० एमबीच्या घरात जाते आणि ६४ जीबीच्या कार्डावर साधारण दोन-अडीच हजारच मावतात.

हा फरक एरवी जाणवत नाही. तो जाणवतो मंडपात, जिथे पिवळे बल्ब, निळी रोषणाई आणि मध्येच अंधार असतो. वर सांगितलेल्या दोन घरांपैकी एका घरी नानींचा एकच मोकळा हसरा फोटो निघाला होता, तोही बायकांच्या बाजूच्या काळोख्या कोपऱ्यातला. जेपीजीत चेहरा जवळजवळ काळा होता. उजळायला गेले की दाणे दाणे दिसत. निकाहनंतर चार महिन्यांनी नानींचा इंतकाल झाला. त्याच फोटोची रॉ फाइल ‘न उघडणाऱ्या’ फोल्डरमध्ये होती. नातीने ती उघडली, उजेड वाढवला, पिवळेपणा कमी केला, आणि नानींच्या ओढणीची हिरवी किनारसुद्धा दिसू लागली. दुसऱ्या घरात मात्र पुतण्याने तो फोल्डर आमच्याकडे फोन येण्याआधीच उडवून त्या जागी व्हिडिओ भरले होते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जातच नाही. शिवाय जुन्या फायलींवर नवे लिहिले गेले होते. तिथे आता जेपीजीवरच भागवायचे आहे.

रॉ म्हणजे सर्व दोषांवर इलाज असेही नाही. फ्लॅशने जरीचा भाग पार पांढरा पडला असेल तर तिथे कॅमेऱ्याने काही नोंदवलेलेच नसते. हललेला फोटो रॉमध्येही हललेलाच राहतो.

आता उघडायचे कसे. विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘रॉ इमेज एक्स्टेन्शन’ घ्यावे. ते मोफत आहे आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फायली नेहमीच्या फोटो ॲपमध्ये दाखवू लागते. पण त्याने फक्त पाहता येते. उजेड-रंग सुधारून जेपीजी काढायची तर कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर बरे: कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज. तिन्हींना पैसे पडत नाहीत. कंपनी कोणतीही असो, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मोफत सॉफ्टवेअर चालतात. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही. आपण केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुने असेल तर फाइल उघडत नाही; तेव्हा आधी सॉफ्टवेअर नवे करून पाहावे. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने फाइल जेपीजी होत नाही, हा उद्योग मुले हमखास करतात. आणि रॉ उघडल्यावर फोटो फिका, मळकट दिसला तर घाबरू नये. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तो आत ठेवलेला छोटा तयार जेपीजी होता. हा कच्चा माल आहे.

येथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगावीशी वाटते. फाइल उघडली नाही की दोन सोपे रस्ते सुचतात: पेनड्राइव्ह कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानात देणे, किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या मोफत ‘कन्व्हर्टर’मध्ये फायली चढवणे. आपल्या घरांत मेंदी आणि हळदीचे फोटो बायकांच्या मजलिसमधले असतात. त्यासाठी महिला फोटोग्राफर शोधायची, पुरुषांना आत येऊ द्यायचे नाही, आणि मग तेच सगळे फोटो अनोळखी दुकानदाराच्या संगणकावर किंवा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर ठेवायचे, याला काय म्हणावे? तिथे प्रत राहिली की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही. वर सांगितलेली सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतली की इंटरनेट बंद करूनही काम करतात. दहावी-बारावीतली मुलगी दोन संध्याकाळींत हे शिकते. आमच्या शाळेतल्या मुलींनी याहून किचकट गोष्टी केलेल्या आहेत.

घरात स्वतःचा कॅमेरा असेल तर फायली आणण्याचे थोडे. कॅमेरा बंद करून कार्ड काढावे आणि कार्ड रीडरमधून संगणकाला लावावे. केबलनेही चालते, पण बॅटरी पुरेशी हवी. डीसीआयएम नावाच्या फोल्डरमधून फायली कॉपी कराव्यात, कट करू नयेत. मध्येच वीज गेली तर कार्डावरचे शाबूत राहते. जुना रीडर ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड कधी कधी ओळखत नाही आणि संगणक ‘फॉरमॅट करू का’ असे विचारतो. तिथे ‘नाही’ म्हणून दुसरा रीडर शोधावा. कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येते, त्यामुळे सगळे प्रसंग एकाच फोल्डरमध्ये ओतले तर सारख्या नावाच्या फायली एकमेकींवर बसतात. प्रत्येक प्रसंगाला तारखेचा वेगळा फोल्डर करावा. संख्या जुळली का पाहावे, चार-पाच फायली उघडाव्यात, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत करावी, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करावे. कार्डावरचे चुकून उडालेच तर त्यावर नवा एकही फोटो न काढता ते बाजूला ठेवावे. फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळतात.

व्हॉट्सॲपवर रॉ पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशी पोहोचते.

राहिला फोटोग्राफरचा प्रश्न. बरेच जण रॉ देत नाहीत आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. अर्धवट माल गिऱ्हाइकाच्या हाती पडला, त्याने कसेही रंग चढवले, तर नाव फोटोग्राफरचेच खराब होते. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्ह देत नसत, तसेच हे. पण बयाना देतानाच विचारावे: रॉ मिळेल का, किती जादा पडतील, तुमच्याकडची प्रत किती दिवस राहील, आणि बायकांच्या बाजूचे फोटो तुमच्या जाहिरातीत जाणार नाहीत ना? उत्तर कागदावर घ्यावे. लग्न उरकल्यावर विचारले तर तोवर कार्डे दुसऱ्या लग्नासाठी रिकामी झालेली असू शकतात.

जुन्या स्टुडिओच्या निगेटिव्हच्या पट्ट्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी त्या उन्हात किंवा ओलीत ठेवू नयेत. त्या संगणकात कशा घ्यायच्या ते पुढच्या अंकात.