निर्णय आधी, निकष नंतर

भाषेची थोरवी कोणी ठरवावी, या प्रश्नाचे एक सोयीस्कर उत्तर आपण गृहीत धरलेले असते. तज्ज्ञ पुरावे तपासतात, शिफारस करतात आणि शासन तिच्यावर मोहोर उमटविते, असे ते उत्तर आहे. अभिजात भाषेच्या दर्जाचा २००४ पासूनचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

मे २००४ मध्ये केंद्रात सत्तेवर आलेल्या आघाडीच्या किमान समान कार्यक्रमातच तमिळला अभिजात भाषा घोषित करण्याचे अभिवचन होते. द्रविड मुन्नेत्र कळघम हा त्या आघाडीचा एक घटकपक्ष होता. १२ ऑक्टोबर २००४ रोजी तमिळला तो दर्जा मिळाला. भाषांच्या दाव्यांची छाननी करणारी तज्ज्ञ समिती साहित्य अकादेमीच्या अंतर्गत नेमली गेली, ती त्यानंतर नोव्हेंबरमध्ये. प्रारंभी हजार वर्षांची प्राचीनता पुरेशी होती. २००५ मध्ये हीच अट पंधराशे ते दोन हजार वर्षांची झाली. संघम साहित्याचे मोल कोणीही जाणकार नाकारणार नाही, आणि तमिळच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारणही नाही. प्रश्न अधिकाराचा नसून रीतीचा आहे.

मराठीचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि ते मराठी अभ्यासकानेच मांडावे हे उचित. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालाच्या आधारे महाराष्ट्राचा प्रस्ताव २०१३ मध्ये केंद्राकडे गेला. तज्ज्ञ समितीने अनुकूल शिफारस केली. तथापि २०१७ मध्ये मंत्रालयांच्या आपसांतील विचारविनिमयात गृह मंत्रालयाने निकष अधिक कडक करण्याची सूचना केली आणि प्रस्ताव रेंगाळला. जुलै २०२४ मध्ये निकष बदलले, तेव्हा साहित्यपरंपरा स्वतंत्र असावी, उसनी नसावी, ही जुनी अट गळाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत यांना दर्जा मिळाला. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. मधल्या अकरा वर्षांत नाणेघाटचा शिलालेख काही अधिक पुरातन झाला नव्हता. कालक्रम हा हेतूचा पुरावा नव्हे, हे मान्य. पाली आणि प्राकृत यांच्यामागे मतदार नाहीत, हेही खरे. परंतु कारणे सांगितली जात नाहीत, तेव्हा लोक कालक्रमालाच कारण समजतात.

भाषेच्या प्रश्नात राजकारण नसावे, असे येथे सुचवावयाचे नाही. लोकशाहीत ते असणारच, किंबहुना असावेही. बोडो भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तिच्यामागे फेब्रुवारी २००३ चा करार होता. काय मागितले गेले आणि काय दिले गेले, हे त्या करारात कोणासही वाचता येते. तेथे राजकारण स्वतःच्या नावाने वावरले. तेच जेव्हा विद्वत्तेचे वस्त्र पांघरून येते, तेव्हा हानी राजकारणाची होत नाही, विद्वत्तेची होते.

ती हानी कोणती, हे एका प्रश्नावरून ध्यानात येईल. मराठीच्या दाव्यात ‘गाथासप्तशती’ हा एक प्रमुख आधार होता. तो ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतातील आहे, आणि प्राकृतालाही त्याच दिवशी दर्जा मिळाला. एकच ग्रंथ दोन भाषांचा वारसा कोणत्या अर्थाने ठरतो? भाषेची सलगता कोठवर मानावयाची आणि खंड कोठे पडला असे समजावयाचे? याचे साधार उत्तर भारतीय भाषांच्या प्रत्येक अभ्यासकाला मोलाचे वाटले असते. पण दर्जा मिळाला, उत्सव झाले आणि प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक निर्णयासोबत तज्ज्ञ समितीचा अहवाल भिन्नमतांसह प्रसिद्ध व्हावा. एखादा दावा विचाराधीन असताना निकष बदलावयाचे झाल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. शासनाला तज्ज्ञांचे मत डावलण्याचा अधिकार अवश्य आहे. पण ते आपण डावलले, हे त्याने उघडपणे सांगावे. आपल्या भाषेला मान मिळाला की आपण अभ्यासक हे प्रश्न विचारीत नाही, हा दोष आपल्याकडेही येतो. मराठीला न्याय मिळाला याचा आनंद प्रस्तुत लेखकालाही आहे. परंतु ज्या भाषेमागे राज्य नाही, विधिमंडळ नाही आणि संसदेत आवाज नाही, तिला लिखित व स्थिर निकषावाचून दुसरा आधार नाही. तो आधार आपण आपल्या विजयाच्या दिवशी मागितला नाही, तर तिच्या वतीने तो कोण मागणार?