आउटबॉक्समधला अर्ज गेलेला नसतो

शिवाजी पेठेत आणि आसपास संस्थांना तोटा नाही. तालीम मंडळे, पतसंस्था, बचत गट, मशिदींचे ट्रस्ट. सगळ्यांचा पत्रव्यवहार आता ईमेलवर आला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो एका सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरवरून चालतो. सेक्रेटरी ‘मेल टाकलाय’ म्हणाले की बैठक पुढच्या विषयाकडे वळते. माझ्या मते तिथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे : मेल ‘सेंट’मध्ये दिसतोय की ‘आउटबॉक्स’मध्ये?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण कायदा याच फरकावर उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, दोन्ही बाजूंत वेगळे काही ठरले नसेल, तर मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात पोहोचतो तेव्हाच तो ‘पाठवला’ असे धरतात. आउटबॉक्स तर आपल्याच टेबलावर असतो. तिथे पडून असलेला अर्ज म्हणजे तिकीट लावून खिशातच राहिलेले पाकीट. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी २०२५ मध्ये ‘उमीद’ पोर्टल आले, सहा महिन्यांची मुदत पडली, तेव्हा एकेका दिवसाची किंमत काय असते हे मुतवल्ली मंडळींनी पाहिले आहे. मुदत टळल्यावर ‘आम्ही पाठवला होता’ हे कोण ऐकणार?

‘मेल येतात, म्हणजे जातही असणार’ हा सर्रास आढळणारा गैरसमज. थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे दरवाजे वेगळे असतात. सर्व्हरचे नाव वेगळे, पोर्ट वेगळा, पासवर्डही वेगळा साठवलेला असू शकतो. जीमेलचा जाणारा सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’. पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ही जोडी चुकली की मेल अडला. थंडरबर्डमध्ये ही सेटिंग खात्यांच्या यादीत अगदी तळाला असते, म्हणून नजरेतून सुटते. जुन्या कॉम्प्युटरवर पोर्ट २५ दिसला तर तो बदलावा. स्पॅममुळे अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात.

मेल अडला की पडद्यावर इंग्रजी निरोप येतो आणि आपली माणसे हात टेकतात. पण त्या निरोपातला आकडा वाचायला इंग्रजी लागत नाही. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हापासून सर्व्हरने तीन अंकी आकड्यात उत्तर द्यायचे अशी रीत आहे. आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती. थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. ५ ने सुरू झाला तर काही बदलल्याशिवाय पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड मान्य नाही. ५५० म्हणजे बहुधा समोरचा पत्ता चुकला किंवा समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला. ५५२ म्हणजे मेल जड झाला. जीमेल २५ एमबीपर्यंतच जोडपत्रे घेते आणि ट्रस्टची घटना, हिशेब, जुने दस्त यांचे रंगीत स्कॅन ही मर्यादा सहज ओलांडतात. आकडा न येता नुसते ‘टाइम आउट’ आले, तर गोष्ट पासवर्डपर्यंत पोहोचलेलीच नाही. पोर्ट, अँटिव्हायरस आणि इंटरनेट तपासावे.

यातला ५३५ सर्वांत जास्त छळतो. नुसत्या नाव-पासवर्डावर चालणारे प्रोग्रॅम गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतले. आता एक तर ब्राउझरची खिडकी उघडून तिथे लॉगिन करायचे, नाहीतर १६ अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढायचा. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू लागते, म्हणजे मोबाइल हवा. मोबाइल कुणाचा? अर्थातच सेक्रेटरींचा.

खरी गोम इथे आहे. सेटिंग अर्ध्या तासात दुरुस्त होते, पण संस्थेचा आवाज एका माणसाच्या खिशात आहे, हे दुरुस्त करायला कोणी बसत नाही. सेक्रेटरी बदलले, आजारी पडले, रुसले, की संस्था मुकी. दुसरीकडे नेट कॅफेतल्या मुलाला मूळ पासवर्ड कागदावर लिहून देणारेही आपणच. जमातीच्या तिजोरीची किल्ली आपण अशी देऊ का? अमानत फक्त पैशांची नसते. संस्थेच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार हीसुद्धा अमानतच आहे.

राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगची मुहूर्तमेढ रोवली. तेव्हाची माणसे गेली, संस्था राहिली. संस्था माणसांपेक्षा जास्त जगावी असे वाटत असेल, तर तिचा पत्ताही माणसांपेक्षा जास्त जगला पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढे घ्या. ईमेल संस्थेच्या नावाचा असावा. रिकव्हरीसाठी दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा नंबर असावा. जाणाऱ्या मेलची सेटिंग मराठीत लिहून दप्तरात ठेवावी. पासवर्ड बंद पाकिटात, वेगळा. पदाधिकारी बदलले की जुना ॲप पासवर्ड त्याच दिवशी रद्द करावा, कारण तो ज्याच्याकडे आहे त्याला संस्थेचे मेल उघडता येतात. आणि महत्त्वाचा अर्ज गेला की ‘सेंट’मधली प्रत काढून फाइलला लावावी, पोहोच मागावी, आणि मगच इतिवृत्तात ‘अर्ज पाठवला’ असे लिहावे.