रंग लावा, पण रोलबॅक ठेवा!

मंडळी, गेले तीन विकांत मी हापिसातले बग विसरून एका कपाटाच्या मागे लागलोय. कपाट आजोबांचं, म्हणजे अण्णांचं. सागवानी, पण १९८४ साली त्यांनी स्वतःच्या हाताने हिरवा ऑइल पेंट फासलेलं. हिरवा म्हणजे सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा असतो ना, तोच!

माझा बेत साधा होता. रंग खरवडायचा, 'मूळचं' सागवान बाहेर काढायचं आणि टू बीएचकेच्या हॉलमध्ये मिरवायचं. बायकोला ते पांढरट करड्या रंगात हवं होतं. रील्समध्ये दिसतं तसं. मी अर्थातच शुद्धतावादी. सागवानाला रंग म्हणजे पाप वगैरे.

पॉलिश पेपर घेऊन बाल्कनीत बसलो. तासाभरात सगळीकडे हिरवी भुकटी. ताईची तीन वर्षांची मुलगी तिथेच बोटाने त्यात चित्रं काढत होती. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. हा रंग त्याच्या तेहतीस वर्षं आधीचा! शिशाची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. पोरीला उचललं, हातपाय धुतले, बाल्कनी ओल्या फडक्याने तीनदा पुसली. तेव्हा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, हे आधी सांगून ठेवतो. मी पुढचं काम रिमूव्हर लावून, खिडक्या उघड्या टाकून, हातमोजे घालून आणि पोरीला आजोळी धाडून केलं.

आता गंमत बघा. दारांवरचा रंग सालीसारखा निघाला, कारण त्याखाली लाखेचं जुनं पॉलिश शाबूत होतं. वरची फळी मात्र अण्णांनी आधी चांगली घासून काढली असावी. तिथे रंग थेट लाकडाच्या छिद्रांत उतरलेला. कितीही घासा, रेषांमधून हिरवा डोकावतोच.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "अरे, अण्णा दोन दिवस खपले होते त्याच्यासाठी. घरात पहिला टीव्ही आलेला, त्याला शोभेल असं कपाट हवं होतं त्यांना."

म्हणजे अण्णाही तेच करत होते, जे माझी बायको करू बघतेय. जुनी वस्तू नव्या घरात नांदवायची! मग 'मूळचं' नक्की कुठलं? माझा शुद्धतावाद तिथेच गळपटला.

आता माझं मत असं. जुन्या लाकडाला रंग लावणं हे पाप नाही. परतीची वाट बंद करणं हे पाप. आपण कोड टाकताना रोलबॅक ठेवतो, तसंच इथे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून नवा हात जुन्यात मिसळतो आणि नको असेल तेव्हा पुसूनही काढता येतो. पीयू एकदा पक्कं झालं की स्पिरिटला दाद देत नाही, खरवडत बसा. म्हणून रंगच द्यायचा तर आधी लाखेचे दोन हात द्या (मेण काढलेली लाख घ्या, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही) आणि मग हवा तो रंग. छिद्रं बंद राहतात, आणि सागाचा तेलकट डाग वर फुटायची शक्यताही कमी होते.

तर वरची फळी आता करडी झालीये, दारं सागवानी. आतली बाजू मी हिरवीच ठेवली. ती घासली नाही, फक्त वरून लाखेचा हात दिला. बाबांनी कपाट उघडलं, पाच मिनिटं आत बघत उभे राहिले आणि काही न बोलता आपला स्वेटर तिथे ठेवून गेले.

असो. पुढेमागे आमच्या पोरांना करडा रंग भिकार वाटेलच. त्यांनी स्पिरिट आणि फडकं घ्यावं, बापाला शिव्या घालायची वेळ येणार नाही!